विसळलेले कागदी कप

माझी आई अठ्ठावीस वर्षं एका विमा कंपनीच्या ऑफिसात चहा करत होती. हे इतकं सरळ मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी आम्हाला गोल बसवून घरच्यांबद्दल विचारलं होतं. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाची आई गाणं शिकवणारी. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "आई विमा कंपनीत आहे. ॲडमिनला." ॲडमिनला म्हणे! तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या शेजारी, खिडकी नसलेली एवढीशी पॅन्ट्री, दोन शेगड्या आणि एक बेसिन, हे आमचं ॲडमिन. थाप एकदा मारली की सांभाळावी लागते. मी ती सात वर्षं सांभाळली.

आईला त्या मजल्यावरच्या चाळीस माणसांचा चहा पाठ होता. कुणाला बिनसाखरेचा, कुणाला कडक, कुणाला नुसतं गरम पाणी आणि कोण भांडण झालं की दोन कप पितो, सगळं डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. तिचा एक नियम होता: माणसाचा चहा संपला की पाच मिनिटांत कप उचलायचा. "रिकामा कप समोर राहिला की माणूस काम करत नाही, कपाकडे बघत बसतो," असं म्हणायची. ती चार बोटांत सहा कप अडकवून चालायची आणि एकही वाजायचा नाही. घरीसुद्धा मी शेवटचा घोट घेते न घेते तोच कप गायब. मी चिडायचे, "अगं, संपू तरी दे!" तर विसळता विसळता म्हणायची, "संपलाय. मला आवाजावरून कळतं."

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणायचे. काल लागलेली पोरगीही मावशी आणि निवृत्तीला आलेला साहेबही मावशी. आई हसायची, "हा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि मी याची मावशी! म्हणजे याची आई माझी बहीण झाली की." पण एकदा तिचे पाय खूप दुखत होते, मी तेल लावून देत होते, तेव्हा ती वेगळंच बोलली. "दिवसभर मावशी मावशी ऐकून कान किटतात गं. घरी आल्यावर तू आई म्हणतेस ना, तेव्हा चप्पल काढल्यासारखं वाटतं." मी तेव्हा कॉलेजात होते. ऐकलं आणि विसरून गेले.

आता माझं काम सांगते. मी विमानात चहा देते. हसू नका. गणवेश आहे, टाचांचे बूट आहेत, केसांचा अंबाडा जाळीत घट्ट बसवलेला असतो, पण काम तेच. आमची विमानं छोट्या पल्ल्याची. वर गेलं की उतरायची तयारी. मधे जेमतेम अर्धा तास, त्यात दीडशे-पावणेदोनशे माणसांना चहा-कॉफी द्यायची आणि रिकामे कप गोळा करायचे. खायला काही नाही, तिकीट स्वस्त. पण गरम पेय मात्र फुकट. इतर कंपन्यांनी तेही केव्हाच बंद केलं, आमच्याकडे अजून आहे, आणि त्याचीच जाहिरात. फुकट ते पौष्टिक. घरी कधी कॉफीला न शिवणारा माणूसही विमानात दोन मागतो. खरं सांगायचं तर तो चहा काही चहा नव्हे. वर पाणी नीट तापत नाही, पुडीतली पूड कपाच्या कडेला गोळे करून बसते. पण लोक कप दोन्ही हातांत धरून खिडकीबाहेर बघतात आणि खूश होतात.

आई पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "एकदा तुझ्या विमानात बसव मला. तुझ्या हातचा चहा पिते आणि उतरते. बाकी मला कुठं जायचं नाही." मी सात वर्षं टाळत आले. गर्दीचे दिवस आहेत, जागा नाही, माझीच ड्यूटी बदलली. कारणं काय, पैशाला पासरी. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. ऑफिसने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घेऊन घरी आली आणि दारातच म्हणाली, "आता वेळच वेळ. सांग, कधी नेतेस?" मला नाही म्हणता आलं नाही. मामाच्या गावाला आमचं सकाळचं विमान जातं, त्याचं तिकीट काढलं.

इथे एक गोष्ट कबूल करते. आमच्या आईवडिलांना कंपनीचं स्टाफ तिकीट मिळतं, जवळपास फुकटात. मी ते घेतलं नाही. आईला सांगितलं, "स्टाफ तिकिटावर जागा मिळेलच असं नसतं, ऐनवेळी उतरवतात." हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की स्टाफ तिकिटावरच्या प्रवाशाच्या नावापुढे यादीत माझं नाव आलं असतं. नाव वाचून कुणीतरी तिच्याशी बोलायला गेलं असतं आणि "तुम्ही ॲडमिनला ना?" असं विचारलं असतं. म्हणून पुरं तिकीट काढलं. आमचं आडनाव तर असं, की दगड मारला तर त्याच आडनावाच्या माणसाला लागेल. त्यावरून कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. शिवाय आदल्या दिवशी आईला बजावलं, "विमानात मला हाक मारू नकोस हं. ड्यूटीवर चालत नाही." असा कुठलाही नियम नाही. "बरं," ती म्हणाली. "नियम असेल तर नियम."

सकाळी ड्यूटीवर गेले. समोर फुटपट्टी बसली होती. फुटपट्टी म्हणजे आमच्या तपासनीस बाई. नखं, अंबाडा, लिपस्टिक, सगळं नजरेनं मोजतात म्हणून हे नाव. त्या न सांगता येतात. मी इन-चार्जच्या जागेसाठी अर्ज केला होता, दोनदा नापास झाले होते, आणि तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला पुढची तीन वर्षं अर्ज करता येत नाही. माझी परीक्षा नेमकी त्याच दिवशी, त्याच विमानात. इन-चार्जचा पट्टा तेवढ्यापुरता माझ्या खांद्यावर लावला गेला. म्हणजे विमानात जे काही बरंवाईट होईल ते माझ्या नावावर.

तेव्हाही सांगता आलं असतं. "मॅडम, आज माझी आई आहे विमानात." सहा शब्द. फुटपट्टी काही वाघ नव्हती, फार तर मान हलवली असती. पण मी नाही बोलले.

आई विमानात चढली. नवी चप्पल, इस्त्रीचे कपडे, हातात कापडी पिशवी. मी दारात उभी राहून सगळ्यांना म्हणत होते तेच तिलाही म्हटलं, "सुप्रभात, आपलं स्वागत आहे." तिने घरी घोकून ठेवलेलं "थँक यू" म्हटलं आणि ओठ आत दाबून हसू आवरलं. माझ्या खांद्यावरच्या पट्ट्याकडे तिने एकदा बघितलं. मग शहाण्या मुलीसारखी पुढे चालू लागली. तिची जागा मीच काढली होती. शेवटून तिसरी रांग, कडेची. मुद्दाम. कारण पुढचा अर्धा भाग माझ्याकडे असणार होता आणि मागचा टॉवरकडे. टॉवर म्हणजे माझा जोडीदार, सहा फूट दोन इंच, जिभेला हाड नाही. थोडक्यात काय, आईला माझ्या हातचा चहा मिळणारच नाही, अशी सोय मी जागा काढतानाच करून ठेवली होती. आपल्याच आईशी असला डाव कोण खेळतं? मी खेळले.

वर गेल्यावर हवा वाईट होती. दहा मिनिटं पट्टे सोडता आले नाहीत. गरम पाणी घेऊन हिंदकळत्या विमानात फिरायची बंदी असते, आणि ती बरोबरच आहे. त्यामुळे चहाला हाती उरली वीस मिनिटं. मी आणि टॉवर जीव खाऊन कामाला लागलो. आमची पद्धत अशी: प्रवाशाचा कप ट्रेवर घ्यायचा, ट्रे मधल्या बोळात ओढून मग ओतायचं, माणसाच्या मांडीवर कधीच नाही, आणि कप पाऊणच भरायचा. पहिल्या रांगेत बसून फुटपट्टी माझं मनगट बघत होती. एक थेंब सांडला नाही. माझं मलाच बरं वाटायला लागलं. टॉवरने त्याचा भाग उरकला आणि पुढे माझ्या मदतीला आला. पुढच्या रांगांचे कप आम्ही गोळा करू लागलो. मागे मात्र दहा-पंधरा रांगांमध्ये रिकामे कप नुसते उभे होते.

आणि मागे आई बसली होती. जित्याची खोड. तिच्या समोर, शेजारी, पलीकडे सगळीकडे रिकामे कप, आणि पाच मिनिटं उलटून गेली तरी उचलायला कुणी नाही. तिचे हात शिवशिवले असणार. पट्टा सोडून ती उठली. "झालं का दादा? द्या इकडे. ताई, तुमचा?" लोकांनी मुकाट्याने दिले. कोण विचारतंय, तू कोण म्हणून? कप घेणारं माणूस दिसलं की लोक कप देतात, तोंडाकडे बघत नाहीत. तिने सात-आठ रांगा रिकाम्या केल्या आणि कप घेऊन मागच्या ओट्यावर गेली. आम्ही त्याला गॅली म्हणतो. तिथे आमचं गरम पाणी, किटल्या, आणि हात धुवायला टीचभर बेसिन. तिथला नळ दाबून धरला तरच वाहतो. ते तिला कुणी शिकवलं नाही, तिचं तिलाच जमलं.

टॉवर उरलेले कप घ्यायला मागे गेला आणि धावत माझ्याकडे आला. तोंडावर हात, खांदे गदगदतायत. "अगं चल, चल लवकर. आयुष्यात बघितलं नसशील. एक बाई कागदाचे कप विसळतायत!"

मी जायच्या आधीच कळून चुकलं होतं.

पडद्याआड आई आमच्याकडे पाठ करून उभी होती. एका हाताने नळ दाबलेला, दुसऱ्या हाताने कप आतून फिरवून धुतेय. पेपर नॅपकिन पसरून त्यावर पालथे कप मांडले होते. ओळीत सहा, अशा चार-पाच ओळी. काही कप भिजून मऊ पडले होते, त्यांना बोटाने सरळ करून ठेवलं होतं. शेजारी, वीतभर अंतरावर, गरम पाण्याच्या दोन किटल्या. आणि माझ्या मागोमाग फुटपट्टी.

हातात परीक्षेचा कागद. प्रवासी गॅलीत, तेही गरम पाण्याशेजारी, ही आमच्याकडे मोठी चूक धरतात, आणि ती इन-चार्जच्या माथी. बाईंनी आईकडे बघितलं, कपांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "या कोण? तुमच्या ओळखीच्या आहेत?"

आई वळली. तिने आधी मला बघितलं, मग बाईंच्या हातातला कागद. मला अजून आठवतं, तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, बाकीच्यांसारखीच.

"नाही, मॅडम," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण प्रवाशाशी गोड बोलायचं असतं ना, परीक्षा आहे ना! मी आईच्या दंडाला हलकेच हात लावला आणि आमच्या शिकवलेल्या आवाजात म्हटलं, "मावशी, इथे यायचं नसतं हं. चला, जागेवर बसा बघू."

मावशी. तोंडात दुसरा शब्दच आला नाही. काकू म्हणता आलं असतं, ताई म्हणता आलं असतं, नुसतं "अहो" म्हणता आलं असतं. इतक्या शब्दांतून मला नेमका तोच मिळाला.

आईने नळ सोडला. पुसायला काही नव्हतं, नॅपकिन सगळे कपांखाली. तिने ओले हात स्वतःच्या कपड्यांना पुसले. "चुकलं, मॅडम," ती मला म्हणाली. "मला माहीत नव्हतं." आणि अंग चोरून आमच्या मधून निघून गेली.

ती तीन पावलं गेली नसेल तोच टॉवर कुजबुजला, "मावशींना नोकरीलाच ठेवून घेऊ या. आपल्यापेक्षा भारी उचलतात." त्याचा आवाज कुजबुजीतही घुमतो. मी हसले. फुटपट्टी समोर होती, वातावरण हलकं करायचं होतं, म्हणून हसले. कारण काहीही असो, हसले. ते हसू आईच्या पाठीवर गेलं. ती वळली नाही. जागेवर बसून तिने पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवले.

मग मी ते कप कचऱ्याच्या पिशवीत टाकले. ओळीच्या ओळी. माझा तळवा ओला झाला.

विमान उतरलं. दारात पुन्हा मी, पुन्हा "धन्यवाद, पुन्हा भेटू." आई आली तेव्हा मी नजर तिच्या खांद्यावर ठेवली. ती मान हलवून उतरली, जशी कुणीही अनोळखी बाई उतरते.

सगळे गेल्यावर फुटपट्टीने कागद माझ्यासमोर धरला. पास. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: अनपेक्षित प्रसंगी अनोळखी वृद्ध प्रवाशाला शांतपणे व आपुलकीने हाताळले. आपुलकीने! बाई म्हणाल्या, "इतर वेळी लोक प्रवाशावर खेकसतात. तुम्ही मावशी म्हणालात, ते मला आवडलं." मी "थँक यू, मॅडम" म्हटलं. जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, ती विमानतळावर सिमेंटची असते, दुभंगत नाही.

परतीच्या विमानाला चाळीस मिनिटं होती. सामानाच्या पट्ट्याजवळ आईला थांबायला सांगितलं होतं. मी पळत गेले. वाटेत ठरवत होते, ती रागावेल, मग मी पाया पडेन, रडेन, काहीतरी करेन. ती बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला बघितल्याबरोबर उठली आणि आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून घेतलं. मग हळूच विचारलं, "पास झालीस?"

"हो."

"हात्तिच्या! मला वाटलं घालवलं मी तुझं." तिने छातीवर हात ठेवला. "त्या बाईंच्या हातात कागद बघितला आणि माझं डोकंच चालेना. माझ्या तोंडून तुझं नाव निघतच होतं बघ. बरं झालं तू आधी मावशी म्हणालीस. मग मला कळलं कसं वागायचं ते." आणि माझ्याकडे बघून, अगदी ऑफिसातलं काम नीट झालं की साहेबाला विचारायची तशी, "जमलं ना मला? काही ओळख दाखवली नाही ना मी?"

रागावली असती तर माफी तरी मागता आली असती. मी विचारलं, "चहा घेतलास का?"

"घेतला की. त्या उंच मुलाने दिला. पाणी नीट उकळलेलं नव्हतं, पण तू सांगू नकोस त्याला, बिचारा घाईत होता." मग पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "येताना मी बसने येईन. मामा बसवून देईल. तुला उगाच परत टेन्शन नको." मी "बरं" म्हटलं. एकदाही "नको, विमानानेच ये" म्हटलं नाही. तिची पाठ गर्दीत दिसेनाशी झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून टाकते, लपवून काय करू?

आठ दिवसांनी ती आली. त्या रविवारी मी आतल्या खोलीत नव्या गणवेशावर इन-चार्जचा पट्टा शिवत होते, आता कायमचा. बाहेर खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्या काकू आल्या होत्या. त्यांना बातमी हवीच असते.

"मग, कसं काय विमान? लेकीने चहा पाजला की नाही?"

आत माझी सुई थांबली.

"नाही हो," आई म्हणाली. "तिची त्या दिवशी दुसऱ्या विमानावर ड्यूटी लागली ऐनवेळी. फार हळहळली पोरगी. म्हणाली, आई, मी असते तर सगळ्यांना सांगितलं असतं, ही माझी आई म्हणून."

"गुणाची आहे हो," काकू म्हणाल्या.

"आहेच," आई म्हणाली, आणि त्यांचा रिकामा कप उचलल्याचं मला आतून ऐकू आलं.

आईच्या आणि माझ्या मध्ये एक पडदा होता. तो बाजूला सारून बाहेर यायचं आणि म्हणायचं, काकू, मी त्याच विमानात होते. एवढंच. मी उठलेसुद्धा. पडद्याला हात लावला. मग परत येऊन खाली बसले आणि पट्टा शिवून पुरा केला.